नागीण गेली, ठणका राहिला
खपल्या पडल्या तसं घरच्यांनी मला बरं म्हणून जाहीर करून टाकलं. उजव्या बरगडीवरचा पट्टा मात्र काही ऐकेना. चिमटा काढला तर तिथं बधीर, आणि बनियनची शिवण नुसती घासली तरी भाजल्यासारखं व्हायचं. ऐन मे महिन्यात नागपूरचा माणूस कूलरसमोरून हलत नाही; मी त्या हवेच्या झोतातून खुर्ची बाजूला ओढून घामाघूम बसायचो.

शेवटी धंतोलीतलं एक पेन क्लिनिक गाठलं. कांजिण्यांचा विषाणू पाठीच्या कण्याजवळच्या नसांच्या गाठींमध्ये वर्षानुवर्षं दडून राहतो आणि उतारवयात नागीण होऊन डोकं वर काढतो. पुरळ जाऊन 3 महिने उलटले तरी दुखत असेल, तर दुखणं कातडीचं नव्हे, नसेचं. मूत्रपिंडं नीट चालतात का ते सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन तपासून रात्रीची प्रेगाबालिन, नसेच्या दुखण्यावरची गोळी, सुरू झाली, कारण ती मूत्रपिंडातूनच बाहेर पडते. सोबत थोडे दिवस ट्रामाडॉल, म्हणजे ओपिऑइड (अफूसारखं काम करणारं) वेदनाशामक.

भाची फार्माकॉलॉजीत, म्हणजे औषधशास्त्रात, एमडी करते. तिनं चिठ्ठीच्या पाठीमागं नसांच्या दोन पेशी आणि मधली फट काढली. "मामाजी, पाठवणाऱ्या टोकात कॅल्शियम शिरलं की ग्लुटामेट या निरोप नेणाऱ्या रसायनाच्या पिशव्या फटीत रिकाम्या होतात. दुखावलेल्या नसेत कॅल्शियमच्या वाटेचा अल्फा-2-डेल्टा नावाचा भाग वाढतो. प्रेगाबालिन त्यालाच चिकटते."

"म्हणजे घेणाऱ्याला काही करत नाही, देणाऱ्याचाच हात आखडतो?"

"अगदी तसंच."

ट्रामाडॉलची गोष्ट त्याहून तिरपागडी. मध्यमेंदूत पेरिअ‍ॅक्विडक्टल ग्रे नावाचा भाग आहे. वेदना दाबण्याचा हुकूम तिथून खाली मज्जारज्जूकडे निघतो. पण तिथल्या पेशींना गाबा हे रसायन गप्प बसवून ठेवतं. गाबा सोडणाऱ्या टोकांवरच ओपिऑइडचे ग्राहक, म्हणजे औषध जिथं जाऊन बसतं त्या जागा, असतात. त्यांच्यावर औषध बसलं की गाबा कमी सुटतो आणि हुकूम सुटा होतो. अडवणाऱ्यालाच अडवायचं! हे समजायला मला वेळ लागला, पण समजल्यावर फार आवडलं. आवडलं नाही ते पुढचं: असेच ग्राहक आतड्यातल्या नसांवरही असतात, तिथं आतडं हलवणारं अ‍ॅसिटिलकोलीन हे रसायन कमी सुटतं आणि पोट साफ होत नाही. मग रोज रात्री इसबगोल.

प्रेगाबालिननं सुरुवातीला गरगरायचं. पहाटे उठताना भिंत धरायचो. घोट्यांवर सूजही आली. डोस हळूहळू वाढवला, तसा ठणका मंदावला. पूर्ण गेला नाही, पण शर्ट घालता येतो, झोप लागते. आता डोस तसाच हळूहळू उतरवणं चालू आहे. ही गोळी एकदम सोडायची नसते. शेजारच्या काकूंनी गुडघ्यासाठी हीच गोळी मागितली. झिजलेल्या सांध्याचं दुखणं वेगळं, डॉक्टरांना दाखवा म्हटलं, तर रुसल्या.

50 वर्षांवरच्यांसाठी नागिणीची लस निघाली आहे, दोन डोसांची. बायकोला घे म्हणतोय. किंमत ऐकल्यापासून तिचं काही ठरत नाही.