रुसायला जागा नसलेलं घर

कॅम्परव्हॅनमध्ये नवरा-बायकोला भांडता येत नाही, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. भांडता छान येतं. पंचाईत होते ती भांडण झाल्यावर. ठाण्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये त्याची सोय आहे. हे गॅलरीत जाऊन सकाळी वाचलेला पेपर पुन्हा वाचतात, मी स्वयंपाकघरात स्वच्छच असलेले डबे पुसते, आणि मधल्या दोन भिंती तासाभरात आपलं काम करतात. व्हॅनला भिंती कुठून आणायच्या? फणकाऱ्याने उठावं तर डोकं वरच्या कपाटावर आपटतं. दार आपटावं तर ते सरकतं दार, दोन्ही हातांनी ओढावं लागतं आणि त्याचा घर्रर्र आवाज सगळ्या कॅराव्हॅन पार्कला, म्हणजे व्हॅन-तंबूंच्या मुक्कामतळाला, ऐकू जातो. मग शेजारच्या तंबूतला कुणीतरी हात वर करून 'हाऊ यू गोइंग?' म्हणतो आणि आपल्याला 'गुड, गुड' म्हणत हसावं लागतं. एकदा हसल्यावर पुन्हा रुसणं फार जड जातं.

लेक सिडनीला असते. तिच्याकडे आलो होतो तेव्हा तिनेच ही टूम काढली. गाड्या डावीकडूनच चालतात, लायसन्स इंग्रजीत आहे, ऑक्टोबर म्हणजे इकडचा वसंत. तुम्ही दोघंच व्हॅन घेऊन किनाऱ्याने वर ब्रिस्बेनपर्यंत जा, व्हॅन तिथेच परत करा आणि विमानाने या. 'दोघंच' या शब्दावर तिने जरा जोर दिला असं मला वाटलं. पाहुणे म्हणून आम्ही तिच्याकडे बरेच दिवस होतो.

व्हॅन म्हणजे उंच छपराची एक साधी गाडी. मागच्या अंगाला दोन बाकं, मध्ये टेबल. रात्री टेबलाचा पाय काढायचा, फळी खाली बसवायची, पाठीच्या गाद्या त्यावर आडव्या टाकायच्या, की पलंग झाला. सकाळी सगळं उलटं. रेल्वेच्या मधल्या बर्थचा कायदा इथेही लागू: एक झोपलेला असेपर्यंत दुसऱ्याला नीट बसता येत नाही. पलंग घातला की पायाखालची जमीनच संपते, त्यामुळे चहा हवा असेल तर आधी नवरा उठवायचा, मग गादी उचलायची, मग टेबल उभं करायचं. हालचालींचाही नियम होता. एकाने हलायचं, दुसऱ्याने पाय वर घेऊन बसायचं.

या नियमाचा एक फायदा मात्र मी लग्नाच्या इतक्या वर्षांत पहिल्यांदा उपभोगला. 'साखर कुठे आहे?' हा प्रश्न बंद झाला. साखर असायला एकच कपाट होतं, आणि ते यांच्या डोक्याशी होतं. हे ठाणे कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले. हजारो फायलींमधून नेमका कागद काढणाऱ्या माणसाला घरातली साखर कशी सापडत नाही, हे मला कधी कळलं नव्हतं. आता कळलं. कपाटं जास्त होती.

कामं आपोआप वाटली गेली. पॉवर्ड साइटवर, म्हणजे वीज असलेल्या जागेत, गाडी लावली की केबल काढून खांबाला जोडणं, पाण्याची टाकी भरणं, सिंकचं सांडपाणी डंप पॉइंटवर, म्हणजे ते टाकायच्या ठरलेल्या जागी, नेऊन ओतणं ही बाहेरची कामं यांची. पलंग, फ्रिज आणि नकाशा माझा. फोडणी कुणाचीच नाही. पहिल्या संध्याकाळी मी बटाट्याच्या भाजीला हिंग-मोहरी घातली आणि रात्रभर आम्ही त्या भाजीत झोपलो. उशीला हिंगाचा वास येत असेल तर माणसाला स्वप्नंसुद्धा पंगतीची पडतात.

मग बाहेर स्वयंपाक करायला लागलो, आणि तिथे मला या देशाचा खरा मोठेपणा दिसला. ऑपेरा हाऊस सुंदर आहे, नाही कोण म्हणतं? पण किनाऱ्यावरच्या बागेत, एका छपराखाली, काँक्रीटच्या ओट्यात बसवलेला विजेचा भलामोठा स्टीलचा तवा, बटण दाबलं की फुकट तापणारा, हा प्रकार मला जास्त थोर वाटतो. शेजारी टेबल-बाकं, पलीकडे नळ. लोक येतात, सॉसेज भाजतात, तवा पुसून ठेवतात आणि जातात. 'तवा चोरीला कसा जात नाही?' मी विचारलं. यांनी खाली वाकून ओटा तपासला आणि निकाल दिला, 'काँक्रीटमध्ये गाडलाय.'

आधीच्या लोकांची चरबी नको म्हणून आम्ही वर फॉइल पसरायचो. घावन घालायचा विचार मी सोडून दिला, कारण तव्याच्या मधोमध तेल वाहून जायला भोक असतं आणि पातळ पीठ त्याच वाटेने जातं. थालीपीठ मात्र फक्कड होतं. हॅरिस पार्कच्या दुकानातलं ज्वारीचं पीठ आणि बेसन लेकीने बांधून दिलं होतं, कांदा-कोथिंबीर तर कुठेही मिळते. काही मिनिटांनी तवा आपोआप बंद होतो, पुन्हा बटण दाबावं लागतं. तेवढ्यासाठी हे शेजारी उभे. पोर्ट मॅक्वारीच्या बागेत एक कूकाबुरा आमच्या टेबलावर येऊन बसला. हा पक्षी ताटातलं सॉसेज झडप घालून पळवतो, अशी त्याची ख्याती. त्याने थालीपिठाकडे एका डोळ्याने पाहिलं, मग दुसऱ्या डोळ्याने पाहिलं, आणि शेजारच्या टेबलावर गेला. हे जरा दुखावले.

म्हणजे व्हॅन ही नुसती झोपायची खोली होती. बाकीचं घर किनाऱ्याने पुरवलं होतं. स्वयंपाकघर बागेत, न्हाणीघर कॅराव्हॅन पार्कात, पायाची वाळू धुवायला पुळणीच्या तोंडाशी नळ, आणि गॅलरी म्हणून प्रत्येक गावाबाहेर समुद्रात शिरलेलं एकेक टेकाड. घर इतकं मोठं असलं की खोली लहान चालते.

मी हर्णैची. माझा समुद्र पश्चिमेला. संध्याकाळी सूर्य पाण्यात बुडायचा आणि मगच आम्हाला घरी हाका यायच्या. इथे सगळं उफराटं. सूर्य पहाटे समुद्रातून वर येतो आणि संध्याकाळी आपल्या पाठीमागे डोंगरात जातो, त्यामुळे समुद्र बिचारा उजेड असतानाच काळवंडतो. सूर्यास्त पाहायचा तर समुद्राकडे पाठ करून बसा! मला ते शेवटपर्यंत जमलं नाही. पहाटेचं मात्र जमलं, कारण हे घोरतात.

या रस्त्याबद्दल एक सांगायला हवं. नकाशात पॅसिफिक हायवे समुद्राला चिकटून जाताना दिसतो, नावही तसंच. प्रत्यक्षात समुद्र क्वचित दिसतो. 2020 साली न्यूकॅसलच्या पुढून क्वीन्सलँडच्या हद्दीपर्यंतचं चौपदरीकरण पूर्ण झालं. बहुतेक गावं बाजूला टाकून रस्ता निलगिरीच्या रानांतून सरळ जातो. समुद्र हवा तर दर वेळी हायवे सोडून पंधरा-वीस किलोमीटर आत वळायचं आणि परत यायचं. यांना सरळ जाणं आवडतं, मला वळणं. त्यात करारात अट होती की अंधार पडल्यावर व्हॅन चालवायची नाही. तिन्हीसांजेला कांगारू आणि वाँबॅट नावाचे गुबगुबीत प्राणी रस्त्यावर येतात, आणि मोठ्या कांगारूशी टक्कर झाली तर दोघांचंही काही खरं नसतं. त्यामुळे प्रत्येक वळणाचा हिशेब यांच्या डोक्यात आधी उजेडात व्हायचा.

साउथ वेस्ट रॉक्सच्या वळणाला ठिणगी पडली. तिथे ट्रायल बेचा जुना तुरुंग आहे, ग्रॅनाइटचा, अगदी समुद्रावर. 1886 साली तो उघडला तो कैद्यांकडून लाटा अडवणारी भिंत बांधून घ्यायला. कैदी दगड फोडून समुद्रात टाकायचे आणि समुद्र ते वाहून न्यायचा. शेवटी 1903 साली तुरुंगच बंद केला. पुढे पहिल्या महायुद्धात तिथे जर्मन लोकांना डांबून ठेवलं होतं. मला ही जागा पाहायचीच होती. 'आयुष्य कोर्टात काढलं,' हे म्हणाले, 'आणि सुट्टीत तुरुंग?' वळण मागे गेलं. मी नकाशाची घडी घातली. नकाशा वाचणाराच संपावर गेला की गाडीत फोनवरच्या बाईचा आवाज तेवढा उरतो, आणि ती कधी रागावत नाही, हे फार लागतं.

मुक्काम नंबका हेड्सला होता. गाडी थांबताच मी दार ओढलं आणि चालू पडले. नदीच्या मुखाशी दगडांची एक लांब भिंत आहे, व्ही-वॉल म्हणतात. तिच्यावरचे दगड येणाऱ्या-जाणाऱ्यांनी रंगवून ठेवले आहेत. रागात माणूस भरभर चालतो, पण दगडांवर मजकूर असेल तर कसं चालणार? नावं, साल, कासवं, मासे, बदामाची चित्रं. मधुचंद्राला आलेले, वाढदिवसाला आलेले, लग्नाचा सुवर्णमहोत्सव साजरा करायला आलेले. काही दगडांवर तीच नावं आणि खाली वेगवेगळी सालं, म्हणजे दर काही वर्षांनी ब्रश घेऊन पुन्हा आलेली माणसं. मागे वळून पाहिलं तर हे दहा-बारा दगड सोडून येत होते, हात मागे बांधून, तेही वाचत. भिंत संपली तिथे पाणी होतं. रुसून निघालेल्या माणसाला तिथून परतच यावं लागतं, आणि वाट एकच.

परत आलो तो पार्कात खेळ सुरू झालेला. हा खेळ संध्याकाळी सगळीकडे असतो आणि तिकीट लागत नाही. निवृत्त जोडपी मोठमोठ्या कॅराव्हॅन गाडीला जोडून महिनोन् महिने देश फिरतात. ती कॅराव्हॅन उलटी घेत नेमक्या जागेत बसवायची असते. नवरा चाकावर, बायको मागे हातवारे करत उभी. ती डावीकडे म्हणते, कॅराव्हॅन उजवीकडे जाते, कारण जोडलेली गाडी मागे घेताना चाक उलटं फिरवावं लागतं. मग त्याची डावी की तिची डावी हा प्रश्न येतो. सगळा पार्क आपापल्या घडीच्या खुर्च्यांत बसून, हातात ग्लास धरून, समुद्राकडे पाहिल्यासारखं करत हे पाहत असतो. त्या संध्याकाळची बाई शेवटी हात खाली सोडून निघूनच गेली आणि तिच्यामागे कॅराव्हॅन अलगद जागेवर बसली. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, पण मान सगळ्यांनी डोलावली. आमचं भांडण त्यांच्यापुढे फारच प्राथमिक होतं. हे म्हणाले, 'आपली व्हॅन बरी. एकाच तुकड्यात आहे.'

कॉफ्स हार्बरला वळायचा हट्ट यांचाच. हे मूळचे रावेरचे, म्हणजे केळीच्या मुलखातले, आणि कॉफ्सला रस्त्याकडेला काँक्रीटचं तेरा मीटर लांबीचं पिवळंधमक केळं आहे. केळ्यांच्या स्टॉलपाशी गाड्या थांबाव्यात म्हणून 1964 साली उभारलेलं. गाड्या अजून थांबतात. यांनी त्या केळ्याचा फोटो काढून रावेरच्या भावांना पाठवला. पण खरे रमले ते मागच्या डोंगरावरच्या बागा पाहून. रावेरची केळी काळ्या सपाट जमिनीत. इथली उभ्या चढावर, घडांना प्लॅस्टिकच्या पिशव्या घातलेली. उतारही निवडून घेतलेले, उत्तरेकडचे. दक्षिण गोलार्धात ऊन उत्तरेकडून येतं आणि चढावरून गार हवा खाली ओघळून जाते, म्हणून हिवाळ्यातलं दव गोठून केळीला मारत नाही. 'यांना पाणी देणं किती अवघड असेल,' असं म्हणत हे बराच वेळ मान वर करून उभे होते. मी बोलले नाही. तुरुंगावर मी इतका वेळ मागितला नव्हता, हे मनात आलं तेवढंच.

पुढे वुलगुल्गा. नीट बोलता आलं की जीभ सुटते असं नाव. छोट्याशा ऑस्ट्रेलियन गावात टेकाडावर गुरुद्वाऱ्याचे पांढरे घुमट दिसले की डोळे चोळावेसे वाटतात. पंजाबातून उसाच्या मळ्यांवर मजुरीला आलेली माणसं 1940 च्या दशकात इथे स्थिरावली आणि केळी लावू लागली. गावातला पहिला गुरुद्वारा 1968 चा. आता केळीची जागा बरीचशी ब्लूबेरीने घेतली आहे. आमच्यासारखी माणसं जिथे हौसेने व्हॅन घेऊन फिरतात, तिथे ही माणसं केळीचे घड खांद्यावर घेऊन ते चढ उतरली असणार. यांनी गुरुद्वाऱ्यासमोर चपला काढल्या त्या नेहमीपेक्षा सावकाश, नीट जोडीने ठेवून.

बायरन बे गजबजलेलं. मुख्य भूमीचं अगदी पूर्वेचं टोक, 1901 चं दीपगृह, आणि पार्किंगला जागा नाही. दक्षिणेकडे परतणारे देवमासे त्या दिवसांत पिल्लांसह तिथून जातात. आम्हाला दोन शेपट्या आणि पुष्कळ फवारे दिसले. एवढ्या समुद्रात ती आई आणि पिल्लू अंगाला अंग घासून चालले होते, याचं मला हसू आलं.

व्हॅन ब्रिस्बेनला दुपारी परत करायची होती. हद्दीवर पॉइंट डेंजरला थांबलो. हे नाव कॅप्टन कुकने 1770 मध्ये दिलं, समोरच्या खडकांना भिऊन. दीपगृहाच्या पायथ्याशी न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँडची सीमा आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी न्यू साउथ वेल्समध्ये घड्याळं तासभर पुढे करतात. क्वीन्सलँडने 1992 च्या सार्वमतात हा उद्योग नाकारला. त्यामुळे उन्हाळाभर इकडे साडेबारा तर चार पावलांवर साडेअकरा. यांनी तीनदा सीमा ओलांडून फोनवरची वेळ तपासली.

'एक तास जास्तीचा मिळाला,' हे म्हणाले.

'जास्तीचा नाही. पहिल्या रविवारी सिडनीत काढून घेतला होता, तो परत दिलाय.'

शिरस्तेदारांना ते पटलं. त्यांनी वरच्या कपाटातून साखर काढली, न विचारता, आणि चहा टाकला. फ्रिजमध्ये उरलेलं दूध संपवायचं होतं, दोन थालीपिठंही होती. बाकावर पाय वर घेऊन मी त्यांना जागा करून दिली.

'मग या तासात तुझा तो तुरुंग पाहायचा का?' हे म्हणाले.

तुरुंग तीनशेहून जास्त किलोमीटर मागे होता. मी नकाशा उघडून त्यांच्यापुढे ठेवला, आणि म्हटलं, 'वळण तुम्हीच शोधा.'