‘घाबर’ नव्हे, ‘जप’

गोथेनबर्गमध्ये मी बाहेरून आलेल्या माणसांना स्वीडिश शिकवते. संध्याकाळच्या वर्गात बहुतेकजण काम उरकून थेट येतात. घरोघरी जाऊन वृद्धांची देखभाल करणारी एक सीरियन विद्यार्थिनी त्या दिवशी वहीही न उघडता बसली होती. मधल्या सुट्टीत तिने मन मोकळं केलं. एक आजोबा तिला निरोप देताना दारात उभे राहून म्हणतात, ‘वार रेद्द ओम देय.’ ‘रेद्द’ म्हणजे घाबरलेला, एवढं तिला ठाऊक होतं. म्हणजे ‘घाबरून राहा’ असं ते बजावतात, अशी तिची समजूत. ते घर बदलून मागायचं तिने जवळजवळ ठरवलं होतं.

उरलेला तास मी या एका विशेषणाला दिला. फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. ‘या एर रेद्द फोर हुन्देन’: मला त्या कुत्र्याची भीती वाटते. ‘या एर रेद्द ओम हुन्देन’: माझा त्या कुत्र्यावर जीव आहे, मी त्याला जपते. विशेषण तेच, त्याच्यामागून ‘फोर’ येतो की ‘ओम’, यावर सगळं अवलंबून. पैसे, कपडे, तब्येत, या सगळ्यांच्या बाबतीत माणसं ‘रेद्द ओम’ असतात. मला यात कोडं वाटत नाही. जे हातचं जाईल अशी धास्ती असते, तेच आपण जपतो. आजोबा रोज एवढंच म्हणत होते: ‘जप गं स्वतःला.’

ती काही बोलली नाही, पण डोळे पुसून तिने ते वाक्य उतरवून घेतलं.

मग बालवाडीत काम करणाऱ्या एकाने विचारलं, ‘घाबरलेलं मूल’ कसं म्हणायचं? फार चांगला प्रश्न! आपल्या ‘मूल’सारखाच त्यांचा ‘बार्न’ नपुंसकलिंगी. अशा नामाबरोबर ‘ग्लाद’चं (आनंदी) ‘ग्लात्त’ होतं, ‘रोद’चं (लाल) ‘रोत्त’. त्या चालीने ‘रेद्द’चं ‘रेत्त’ व्हायला हवं. पण ‘रेत्त’ म्हणजे ‘बरोबर’, आणि ‘एत्त रेत्त बार्न’ असं स्वीडिश माणूस म्हणत नाही. ‘लात’, म्हणजे आळशी, याचीही तीच अडचण. अनेकवचनात मात्र ‘रेद्दा बार्न’ बिनधास्त चालतं. 1919 साली स्थापन झालेल्या, मुलांसाठी काम करणाऱ्या ‘रेद्दा बार्नेन’ या संस्थेच्या नावातला ‘रेद्दा’ वेगळा, ते ‘वाचवा’ असं क्रियापद आहे.

एकवचनात वाट काढावी लागते: ‘एंगस्लित’ (धास्तावलेलं) हे दुसरं विशेषण घ्यायचं, नाहीतर नाम बदलायचं. त्याला एका मुलग्याबद्दलच लिहायचं होतं, आणि ‘पॉयके’ (मुलगा) नपुंसकलिंगी नाही, त्यामुळे ‘एन रेद्द पॉयके’वर काम भागलं.