पावसाळी सिअ‍ॅटल: आईला घेऊन आठ दिवस

ऑक्टोबरच्या शेवटी सिअ‍ॅटलला येतोय म्हटल्यावर तिथे राहणाऱ्या भावानेच मोडता घातला. "जुलै-ऑगस्टमध्ये या, तेव्हा कोरडं असतं. आता एप्रिलपर्यंत नुसती रिपरिप." पण माझी रजा दिवाळीला जोडूनच मिळत होती आणि आईची, वय वर्षं 68, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबायची तयारी नव्हती. आठ दिवसांत सहा दिवस पाऊस लागला. तरीही पुन्हा जायचं झालं तर मी याच दिवसांत जाईन.

तिथला पाऊस समजून घेतला की निम्मं नियोजन झालं. वर्षाला साधारण 950 ते 1000 मिलिमीटर, म्हणजे मुंबईच्या निम्म्याहूनही कमी. मात्र तो वर्षातल्या दीडशेएक दिवसांवर पसरलेला असतो. कोसळत नाही, भुरभुरतो. तासाभराने थांबतो आणि परत सुरू होतो. म्हणून थांबायची वाट बघत हॉटेलात बसू नका. छत्री वाऱ्याने उलटते. टोपी असलेलं चांगलं वॉटरप्रूफ जाकीट घ्या. जीन्स नेऊ नका, भिजली की दिवसभर वाळत नाही. बुटांचे दोन जोड हवेतच. दुपारी 12-14 अंश, रात्री 8 अंशांच्या आसपास, त्यामुळे आतून लोकरीचं काहीतरी लागतं.

भावाचं घर सिअ‍ॅटलशेजारच्या बेलव्ह्यूला. आपली बरीच मंडळी त्या बाजूला, रेडमंड-बेलव्ह्यूत राहतात आणि पाहुणे तिथूनच रोज ये-जा करतात. आम्ही मात्र चार रात्री डाउनटाउनमध्ये काढल्या. भाऊ जरा रुसला, पण दुपारी खोलीवर येऊन ओले मोजे बदलता आले, आईला तासभर आडवं होता आलं. विमानतळावरून लाइट रेल्वे थेट गावात येते. तीन डॉलर, चाळीसेक मिनिटं. ओर्का हे प्रवासाचं कार्ड काढलं की रेल्वे, बस, मोनोरेल, फेरीबोट सगळीकडे चालतं.

पाइक प्लेस मार्केटला सकाळी नऊच्या आत पोचा. अकरानंतर पाय ठेवायला जागा नसते. 1907 साली दलालांनी कांद्याचे भाव अव्वाच्या सव्वा चढवले, लोक चिडले आणि शेतकऱ्यांनी थेट गाडीवरून विकावं म्हणून हा बाजार सुरू झाला. कांद्यावरून झालेला बाजार म्हटल्यावर आईला तो एकदम आपला वाटला. पुढे तो पाडायचं घाटत होतं, तेव्हा 1971 मध्ये शहराने मतदान करून वाचवला. मासे फेकण्याचा प्रसिद्ध खेळ गिऱ्हाइकाने मासा घेतला की होतो, म्हणून थोडं थांबावं लागतं. स्टारबक्सच्या रांगेत मात्र उभं राहू नका, तेवढ्या वेळात बाजाराचे खालचे मजले बघून होतात.

डाउनटाउनचे चढ गुडघेदुखीवाल्यांची परीक्षा घेतात. आमचा उपाय होता सेंट्रल लायब्ररी. चौथ्या अ‍ॅव्हेन्यूच्या दाराने आत शिरायचं, सरकत्या जिन्याने वर जायचं आणि पाचव्या अ‍ॅव्हेन्यूवर बाहेर पडायचं. चढ गायब! रेम कूलहासने आखलेली ही 2004 ची काचेची इमारत मुळात बघण्यासारखीच आहे. दहाव्या मजल्यावर वाचत बसायची जागा आहे. पाऊस काचेवरून ओघळत होता, कुणी पेपर वाचत होतं, कुणी अभ्यास करत होतं. आम्ही दोन तास बसलो, पैसा लागला नाही. फ्राय आर्ट म्युझियम आणि क्लोंडाइक गोल्ड रश म्युझियमही मोफत आहेत.

पायोनियर स्क्वेअरखालचं जुनं शहर मी एकटीने पाहिलं, तिथे पायऱ्या फार. 1889 च्या आगीत गाव जळलं. भरतीच्या वेळी सांडपाणी उलटं घरात यायचं म्हणून नवे रस्ते मजलाभर उंच बांधले, आणि जुन्या दुकानांचे दर्शनी भाग खाली राहिले.

एक चूक सांगते. माउंट रेनियरची सहल महिनाभर आधी पैसे भरून ठेवली होती, परत न मिळणारे. दिवसभर ढगात बसून आलो, डोंगर दिसलाच नाही. तिथली आणि स्पेस नीडल या उंच मनोऱ्याचीही तिकिटं त्या सकाळचं आकाश बघूनच काढा. ढगाळ दिवशी नीडलच्याच आवारातली चिहुली या काचकलाकाराची काचशिल्पं बघा, पावसात काचघर जास्त खुलतं. बेनब्रिज बेटाची फेरीबोट कुठल्याही हवेत छान. 35 मिनिटं लागतात, पायी जाणाऱ्याला तिकीट फक्त जातानाच लागतं, 65 वरच्यांना अर्धं.

पण सगळ्यात जास्त आम्ही रमलो ते बॅलर्डला. समुद्र आणि तळ्याच्या मधलं, जहाजांना पाण्याच्या एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारं जलद्वार (लॉक) 1917 चं, आणि शेजारी सामन माशांसाठी 21 टप्प्यांची पाण्याची शिडी. प्रवेश मोफत. जिना उतरून खाली गेलं की काचेपलीकडे मासे दिसतात. मोसम सरत आला होता, चार-पाचच होते. पण एक अगदी काचेला लागून होता, पर झिजलेले, पाठीवर पांढरट ओरखडे, प्रवाहाच्या तोंडावर शेपटी हलवत जागच्या जागी. मग एकदम उसळला आणि वरच्या टप्प्यात गेला. आईचं माहेर मालवणजवळचं. काचेवर हात टेकून ती म्हणाली, "अगो, हे तर चढणीचे मासे!" पहिल्या पावसात ओढ्याने वर चढणारे, तिच्या लहानपणी भाऊ कंदील घेऊन धरायला जायचे ते. शेजारी उभ्या असलेल्या शाळकरी मुलाला तिने हातवारे करून ते सांगितलंही. तो मान डोलवत होता.

आम्ही तिथून हललो ते दीड तासाने. भरपूर मासे बघायचे असतील तर सामनच्या चिनूक जातीसाठी ऑगस्टअखेर, कोहो जातीसाठी सप्टेंबरअखेर जा. आणि खाली गारठा असतो, वडीलधाऱ्यांना शाल द्या.