आमची वाटचाल : मागाच्या शेडमध्ये

सोलापूरच्या पूर्व भागात आमचं पत्र्याचं शेड आहे. तिथं अण्णांचे बारा माग चालायचे. आधी चादरी, नंतर टॉवेल. 1877 साली इथं ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली जाणारी कापडगिरणी सुरू झाली, तेव्हापासून हे गाव कापडावर जगत आलं आणि आमचं घरही त्यातच आलं. पण सुताचा भाव, विजेचं बिल आणि पडून राहिलेला माल यांचा मेळ बसेना. एकेक करून माग भंगारात गेले. शेवटचा 2016 साली गेला. त्या रात्री अण्णा जेवले नाहीत.

शेड गोदामासाठी भाड्यानं मागणारे होते. मी मात्र पुण्यात आठ वर्षं हॉटेलच्या किचनमध्ये काढून परत आलो होतो आणि डोक्यात वेगळंच होतं. आपल्याकडे परमिट रूम म्हणजे काळ्या काचा, दाराला पडदा, आत अंधार आणि कुणी ओळखू नये म्हणून भिंतीकडे तोंड करून बसलेली माणसं. दुसरीकडे, हुतात्मा स्मृती मंदिरात चांगलं नाटक बघून बाहेर पडावं, तर त्यावर तासभर बोलत बसायला जागा नाही. मला जेवण, पिणं आणि गाणं एका छताखाली हवं होतं, तेही भरपूर उजेडात. माझ्या बहिणीला मैत्रिणींबरोबर येऊन बसता यावं, अशी जागा.

गल्लीचा विरोध होता आणि तो रास्त होता. समोरच्या अक्का म्हणाल्या, "दारू आली की भांडणं येतात. आम्ही भोगलंय. माझ्या दारात नको, बाळा." मी घरोघरी गेलो. रस्त्याकडची काच साधी राहील, माईक 10 वाजता बंद होईल आणि पिऊन कुणी गल्लीत रेंगाळणार नाही, असे तीन शब्द दिले. अक्का लगेच हो म्हणाल्या नाहीत. "बघू की," एवढंच म्हणाल्या.

परवान्याला दीड वर्ष लागलं. एका मध्यस्थानं पैसे घेऊन फाइल नुसती ठेवून दिली, त्यात सहा महिने गेले. शेवटी मी स्वतःच खेटे घातले. पण त्या दीड वर्षात आम्ही नुसती खानावळ चालवली, आणि आज मला वाटतं, तेच आमचं भाग्य ठरलं. लोक आधी जेवायला आले. सोलापुरी काळं मटण आणि त्यात चुरायला कडक भाकरी. भाकऱ्या गल्लीतल्याच सहा बायका करतात, मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीच्या. शेंगा चटणी आम्ही मिक्सरला लावत नाही. दाणे, लसूण, तिखट, मीठ आणि जिरं उखळात घालून लोखंडी मुसळानं कुटायचं. आधी कोरडा आवाज येतो, मग तो जड होत जातो आणि कडेला तेल चमकायला लागलं की थांबायचं. त्यापुढं दोन घाव जास्त पडले तरी तिचा लगदा होतो. हीच चटणी आमचा पहिला चकणा. बीअरबरोबर भाजक्या शेंगा, हिवाळ्यात हुरडा. न पिणाऱ्यांसाठी सांगोल्याच्या डाळिंबाचा ताजा रस, आणि तो मागणारे टेबलावर कधीच कमी नसतात. बीअरला 21 आणि दारूला 25 वर्षं पूर्ण लागतात. शंका आली की आम्ही ओळखपत्र मागतो, ओळखीच्या घरातला पोरगा असला तरी.

पहिला कार्यक्रम फसला. शाहीर राम जोशी याच मातीतले, म्हणून त्यांच्या लावण्यांपासून सुरुवात केली. गाणारा मुलगा तयारीचा होता. पण राम जोशींची शब्दांची दाटी म्हणजे यमकावर यमक, आणि वर पत्रा, खाली फरशी. प्रत्येक शब्द दोनदा-तीनदा परत यायचा, एक ओळ दुसऱ्या ओळीवर पडायची. निम्म्या लोकांनी मध्येच जेवण मागवलं. मुलाचं तोंड उतरलं, माझंही.

दुसऱ्या दिवशी मी भिंतींवर चादरी टांगायला घेतल्या. अण्णा खुर्चीवरून बघत होते. म्हणाले, "चादर सपाट असते. टॉवेलचा तागा लाव. त्याला लूप असतात, आवाज त्यात अडकतो. आणि भिंतीला चिकटवू नको, चार बोटं पुढं ठेव." माग विकल्यापासून शेडबद्दल ते पहिल्यांदाच काही बोलले होते. माळ्यावर शेवटच्या लॉटचे न विकलेले तागे होते, ते काढले. लाकडी पट्ट्या ठोकून तीन भिंतींवर सोडले. तोच मुलगा पुढच्या गुरुवारी परत आला आणि मागच्या टेबलापर्यंत शब्द न शब्द पोचला. कठड्याला टेकून अक्का बाहेर ऐकत होत्या. मी खुर्ची नेऊन दिली.

2020 च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं. ऑक्टोबरमध्ये निम्म्या खुर्च्यांवर पुन्हा उघडलं, तोवर डबे पोचवून किचन जिवंत ठेवलं. एकही माणूस कमी केला नाही, याचा मला अभिमान आहे.

आता दर गुरुवारी इथं कार्यक्रम होतो. मराठी कविता होतात, बसवण्णांसारख्या संतांची कन्नड वचनं होतात, उर्दू मुशायरा होतो. एकदा एका म्हाताऱ्या विणकरानं मागावर म्हणायची तेलुगू गाणी म्हटली. नुसती टेबलावर थाप देत, धोट्याच्या ठेक्यात. 12 जानेवारीला आम्ही दारूचा काउंटर बंद ठेवतो. 1931 मध्ये त्याच दिवशी स्वातंत्र्यलढ्यातले सोलापूरचे चार हुतात्मे, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन, फाशी गेले. त्या संध्याकाळी फक्त पोवाडे आणि जेवण.

गल्लीत अजून कुणी आम्हाला बार म्हणत नाही. "चल, कारखान्यात बसू," असंच म्हणतात.

दर तीन महिन्यांनी ते तागे उतरवून धुवावे लागतात, मटणाचा वास धरतात म्हणून. गच्चीवर वाळत घातले की अण्णा काठी टेकत वर येतात आणि प्रत्येकाचा काठ बोटांत धरून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासत जातात.