सिमेनॉन वाचायचा तर कुठून?

बेल्जियन लेखक जॉर्ज सिमेनॉनची पुस्तकं मोजायला घेतली की माणूस दाराशीच थबकतो. पॅरिस पोलिसांचा कमिसेर, म्हणजे वरिष्ठ तपास अधिकारी, मेग्रे याच्या 75 कादंबऱ्या आणि 28 कथा. मेग्रे नसलेल्या शंभराहून जास्त गंभीर कादंबऱ्या. आणि त्याआधी, विशीत, वेगवेगळ्या टोपणनावांनी लिहिलेल्या दोनशेच्या आसपास स्वस्त कादंबऱ्या. हा शेवटचा ढीग अभ्यासकांसाठी सोडून द्यावा. उरलेल्या दोन फडताळांत आयुष्यभर पुरेल इतकं आहे, फक्त हात योग्य पुस्तकावर पडायला हवा.

बहुतेकांचं चुकतं ते इथे: मालिका म्हणून पहिल्यापासून सुरुवात करतात. ‘पीटर द लॅटव्हियन’ हे मेग्रेचं पहिलं पुस्तक, पण त्यात लेखकाला आपला नायक अजून पुरता सापडलेला नाही. पाठलाग फार, मारामाऱ्या फार. शिवाय क्रमाला इथे अर्थ नाही. पहिल्या पुस्तकात मारला गेलेला एक सहकारी पुढच्या पुस्तकांत जिवंत वावरतो. 1934 मध्ये सिमेनॉनने मेग्रेला निवृत्त करून गावी पाठवलं, नंतर त्याला परत कामावर आणलं आणि थेट 1972 पर्यंत राबवलं. वयाचा हिशेब लावू नये, लागत नाही.

प्रकाशकांनुसार मात्र तीन टप्पे ओळखून ठेवावेत, कारण पोत बदलतो. 1931 ते 1934 मधल्या फायारच्या 19 कादंबऱ्या: धुकं, कालवे, बंदरं, ओले रस्ते. मग युद्धकाळातल्या गालिमारच्या सहा. आणि 1947 पासून प्रेस द ला सितेच्या 50. इथे मेग्रे स्थिरावतो, घर आणि मादाम मेग्रे दिसू लागतात, आणि तपास म्हणजे जवळजवळ फक्त बोलणं उरतं.

सुरुवातीला माझी निवड ‘मेग्रे अँड द हेडलेस कॉर्प्स’ (1955). पॅरिसच्या सँ-मार्तँ कालव्यात एका बोटीच्या पंख्यात माणसाचा हात अडकतो. पाणबुडे उरलेलं शरीर शोधत असताना मेग्रे जवळच्या छोट्या मद्यालयात शिरतो, आणि गल्ल्यामागची बाई त्याच्या मनातून जात नाही. ती फारसं बोलत नाही, घाबरत नाही, काही लपवतेय असंही वाटत नाही. ‘खून कुणी केला’ हा प्रश्न हळूहळू मागे पडतो आणि ‘ही बाई अशी का झाली’ हा पुढे येतो. सिमेनॉनचं सगळं लेखन या एका सरकण्यात आहे. बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडवर वाढलेल्या वाचकाला पहिली पन्नास पानं संथ वाटतील. तिथे पुस्तक मिटू नये. दुव्यांची यादी करत वाचू नये. खोलीतला वास, शेगडी, कोण कुणाकडे बघत नाही, याकडे लक्ष ठेवावं.

दुसरं ‘द सँ-फियाक्र अफेअर’ (1932). पहिल्या प्रार्थनेच्या वेळी चर्चमध्ये गुन्हा घडेल, अशी चिठ्ठी पोलिसांकडे येते. गाव मेग्रेचं स्वतःचं. त्याचे वडील तिथल्या गढीचे कारभारी होते. गुन्ह्याची पद्धत अशी की कायद्याच्या कलमात ती बसवणंच अवघड.

वाचताना एक अडचण हमखास येते. या कथांमधला ‘मॅजिस्ट्रेट’ हा निकाल देणारा न्यायाधीश नव्हे. फ्रेंच पद्धतीत तो तपासाचा मुख्य असतो. फाइल त्याच्याकडे, अटकेचे आणि झडतीचे हुकूम त्याचे. मेग्रे त्याच्या हाताखाली काम करतो, म्हणून कोमेलियो नावाच्या मॅजिस्ट्रेटशी त्याचे सतत खटके उडतात. कोमेलियोला कबुली लवकर हवी असते, मेग्रेला माणूस समजायला वेळ हवा असतो.

पुस्तकं इतकी छोटी आणि एकसंध का, याचं उत्तर लिहिण्याच्या पद्धतीत आहे. एका पिवळ्या लिफाफ्यावर पात्रांची नावं, वयं, पत्ते, आईवडील. नावं टेलिफोन डिरेक्टरीतून निवडलेली. कथानक ठरवलेलं नाही. मग रोज सकाळी एक प्रकरण, साधारण आठ ते अकरा दिवस. दोन दिवस आजारपणात गेले तर लिहिलेलं टाकून द्यायचं आणि त्या कादंबरीकडे पुन्हा वळायचं नाही. शेवटी दुरुस्ती म्हणजे मुख्यतः काटछाट: विशेषणं, क्रियाविशेषणं, छान जमलेली वाक्यं. तरुणपणी कोलेत या लेखिकेने ‘फार साहित्यिक लिहितोस’ म्हणून त्याच्या कथा परत केल्या होत्या, तो धडा त्याने जन्मभर पाळला. या पद्धतीचा तोटाही दिसतो. शेवट आधी ठरलेला नसल्यामुळे काही पुस्तकांत उलगडा दोन पानांत उरकतो, आणि उत्तरकाळात काही कादंबऱ्या विरळ होतात.

आणखी एक गोष्ट झाकून ठेवण्यासारखी नाही. तरुण पत्रकार असताना बेल्जियममधल्या लिएज शहराच्या वर्तमानपत्रात त्याने ज्यूंविरुद्ध लेखमाला लिहिली होती, आणि सुरुवातीच्या मेग्रेंमधली ज्यू पात्रं त्याच साच्यातली आहेत. ती पानं खटकतात, खटकायलाच हवीत. फायारच्या टप्प्यापासून सुरुवात करू नये, याचं हेही एक कारण.

विकत घेताना जपावं. जुन्या इंग्रजी अनुवादांत एकाच कादंबरीला तीन-तीन नावं आहेत. ‘मेग्रे गोज होम’ म्हणजेच ‘सँ-फियाक्र अफेअर’. ‘डर्टी स्नो’, ‘द स्टेन ऑन द स्नो’ आणि ‘द स्नो वॉज डर्टी’ हे एकच पुस्तक. मागच्या पानावरचं मूळ फ्रेंच शीर्षक बघितल्याशिवाय जुनी प्रत घेऊ नये. पेंग्विनने 2013 ते 2020 दरम्यान सगळ्या 75 मेग्रे नव्याने अनुवादित करून काढल्या. त्या घेतल्या तर हा घोळ टळतो.

चार-पाच मेग्रे झाल्यावर दुसऱ्या फडताळाकडे वळावं. ‘द मॅन हू वॉच्ड द ट्रेन्स गो बाय’ (1938) मध्ये नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनचा एक नेमस्त कारकून पोपिंगा, कंपनी बुडाल्याचं कळताच घर सोडून निघतो आणि स्वतःलाच ओळखेनासा होतो. ‘द स्नो वॉज डर्टी’ (1948) परकीय सैन्याच्या ताब्यातल्या, नाव नसलेल्या शहरात घडते. आई कुंटणखाना चालवते आणि मुलगा केवळ एक पायरी ओलांडून बघायची म्हणून खून करतो. हे सगळ्यात थोर पुस्तक, पण सगळ्यात आधी वाचायचं नव्हे. ‘द कॅट’ (1967) मध्ये एकमेकांशी चिठ्ठ्यांतून बोलणारं म्हातारं जोडपं आहे, बस. या कादंबऱ्यांतली माणसं मेग्रेच्या पुस्तकांतल्यासारखीच, त्याच गल्ल्यांतली. फरक इतकाच की इथे समोर बसून ऐकून घेणारा कुणी येत नाही.

म्हणून दोन फडताळांच्या मधे ‘लेटर टू माय जज’ (1947) ठेवावं. खुनासाठी शिक्षा झालेला एक डॉक्टर तुरुंगातून लांबलचक पत्र लिहितो. कुणीतरी एकाने तरी आपल्याला समजून घ्यावं, एवढंच त्याचं मागणं. पत्रावर नाव आहे मॅजिस्ट्रेट कोमेलियोचं.