कंपनीला झाडाचं वय विचारा

गेल्या महिन्यात कपाट आवरताना एका शर्टचं लेबल सहज वाचलं, व्हिस्कोस ७० टक्के. इतकी वर्षं मला वाटायचं की व्हिस्कोस म्हणजे नायलॉनसारखंच काहीतरी, तेलापासून बनवलेलं. पण नाही, ते लाकूड असतं. झाड तोडायचं, त्याच्या चिप्स करायच्या, केमिकलमध्ये शिजवून लगदा करायचा, मग तो विरघळवून बारीक भोकांतून दाबून धागा काढायचा. रेयॉन, मोडाल ही सगळी त्याच घरातली भावंडं. तेव्हापासून डोक्यातून एक गोष्ट जातच नाहीये, मी जे अंगावर घालतेय ते झाड किती वर्षांचं होतं?

म्हणून त्या कंपनीला मेल केला. दोनच प्रश्न विचारले, लगदा कुठल्या जंगलातून येतो आणि त्यात पूर्वी कधीच न तोडलेलं जुनं जंगल आहे का. उत्तर आलं, लांबलचक आलं, एका झाडामागे दोन झाडं लावतो असं त्यात होतं, पण जंगलाचं नाव मात्र कुठेच नव्हतं. खरं सांगते, वाईट वाटलं.

कारण हे 'एकाच्या बदल्यात दोन' ऐकायला छान वाटतं पण जुन्या झाडाला ते लागूच पडत नाही. शेकडो वर्षं उभ्या असलेल्या झाडाच्या खोडात ढोल्या असतात, त्यात घुबडं राहतात, फांद्यांवर शेवाळाचे जाड थर असतात, पडलेल्या ओंडक्यावर नवी रोपं उगवलेली असतात, मुळांशी बुरशीचं जाळं असतं. रोपाला यातलं काहीच नसतं. आणि लागवडीची झाडं बहुतेक ठिकाणी काही दशकांत पुन्हा तोडतात, म्हणजे त्यांना म्हातारं व्हायची संधीच मिळत नाही. कार्बनचंही तेच. २०१४ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात ४०३ प्रजातींच्या झाडांचा अभ्यास आला होता, त्यात दिसलं की बहुतेक प्रजातींमध्ये झाड जितकं मोठं तितका ते दरवर्षी जास्त कार्बन साठवतं. म्हणजे म्हातारं झाड थकलेलं असतं, आता त्याचा उपयोग नाही, ही समजूतच चुकीची आहे.

कॅनडात व्हँकुव्हर बेटावर डग्लस फर जातीचं, म्हणजे सूचिपर्णी, एक झाड आहे, त्याला बिग लोनली डग म्हणतात. उंची साधारण ६६ मीटर, वय हजाराच्या आसपास असावं असा अंदाज. २०११ च्या सुमारास तिथे तोडणीसाठी जंगलाची आखणी चालू होती, तेव्हा लाकूड कंपनीसाठीच काम करणाऱ्या एका माणसाने या झाडाच्या बुंध्याला हिरवी फीत बांधली, त्यावर लिहिलेलं होतं, हे झाड सोडा. ते झाड बचावलं, आजूबाजूचं सगळं गेलं. त्याचा फोटो मी खूप वेळ बघत बसले होते, नुसते बुंधे, पालापाचोळा आणि मधोमध हे एकटं. तोडणाऱ्यांच्याच बाजूच्या एका माणसाला वाटलं की हे नको तोडायला, मग अख्ख्या कंपनीला का वाटू नये?

आणि कंपन्या बदलतात हो. १९९३ मध्ये त्याच बेटावर क्लेओक्वॉट साउंडला जंगलतोडीविरुद्ध लोक रस्त्यावर बसले, ८५० हून जास्त जणांना अटक झाली. पण अटकेइतकाच, मला वाटतं जास्तच, परिणाम झाला तो गिऱ्हाइकांचा. नव्वदच्या दशकात युरोप-अमेरिकेतल्या लाकूड आणि कागद घेणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी ब्रिटिश कोलंबियाच्या, म्हणजे हे बेट ज्या प्रांतात आहे तिथल्या, मालाबाबत हात आखडता घेतला तेव्हा लाकूड कंपन्या बोलायला बसल्या. तिथल्याच ग्रेट बेअर रेनफॉरेस्टचा करार व्हायला २०१६ उजाडलं, पण झाला, सुमारे ६४ लाख हेक्टरचा प्रदेश आणि त्यातल्या ८५ टक्के जंगलात आता व्यावसायिक तोड नाही, आणि त्या वाटाघाटीत तिथल्या मूळनिवासी फर्स्ट नेशन्सचा मोठा वाटा होता. होम डिपो या घरबांधणीचं सामान विकणाऱ्या अमेरिकन दुकानसाखळीनेही लोकांनी दुकानांसमोर निदर्शनं केल्यावर १९९९ मध्ये जाहीर केलं की धोक्यातल्या जंगलांचं लाकूड २००२ च्या अखेरपर्यंत विकणं बंद करू.

म्हणजे जोर आहे तो विकत घेणाऱ्याकडे. कपडे, टिश्यू पेपर, पॅकिंगचे खोके, फर्निचर विकणाऱ्या कंपन्यांना माझं हेच सांगणं आहे की लगदा आणि लाकूड कुठून येतं ते जंगलाच्या नावासकट जाहीर करा, जुन्या जंगलातला माल घेणार नाही असं पुरवठादाराच्या करारात लिहा, आणि शक्य असेल तिथे रिसायकल केलेला धागा, शेतातला काडीकचरा वापरा. टिश्यू तर एकदा वापरून फेकायची वस्तू, त्यासाठी शेकडो वर्षं जुनं जंगल कशाला हवं?

एफएससी, म्हणजे लाकूड जबाबदारीने सांभाळलेल्या जंगलातलं आहे असं प्रमाणपत्र देणारी संस्था, तिचा शिक्का बघून निर्धास्त होऊ नका एवढं मात्र सांगेन. 'एफएससी मिक्स' लिहिलेलं असेल तर त्यात प्रमाणित नसलेलं लाकूडही मिसळलेलं असू शकतं. शिक्का नसण्यापेक्षा बरा, पण झाडाचं वय त्यावरून कळत नाही, ते विचारावंच लागतं.

मी त्या कंपनीला काल परत मेल टाकलाय. या वेळी झाडं किती लावता ते विचारलंच नाही, तोडलेली किती वर्षांची होती एवढंच विचारलंय. उत्तर आलं की इथेच टाकते.