चुकीच्या पासवर्डला प्रोग्राम का कोसळतो

इंदूरच्या रामबागेतल्या एखाद्या सीएच्या ऑफिसात लिनक्सवर एन्क्रिप्टेड (पासवर्डशिवाय न वाचता येणारा) ड्राइव्ह जोडला, पासवर्डचं एक अक्षर चुकलं आणि ‘पासवर्ड चुकला’ असं सांगायचं सोडून डिस्कची विंडोच गायब झाली, की समोरच्याला वाटतं ड्राइव्ह गेला. मग तो फॉरमॅट करायला निघतो. कृपा करून तेवढं करू नका. ड्राइव्ह बहुतेक वेळा ठणठणीत असतो.

आधी हेडर वाचवा, म्हणजे ड्राइव्हच्या सुरुवातीचा तो भाग ज्यात किल्ल्या असतात. क्रिप्टसेटअप या लिनक्सवरच्या एन्क्रिप्शनच्या टूलच्या ‘लक्सहेडरबॅकअप’ कमांडने निघणारी फाइल लक्स २ (ड्राइव्ह एन्क्रिप्ट करायची पद्धत) मध्ये साधारण १६ एमबीची असते. ती दुसऱ्या डिस्कवर ठेवा, कारण हेडर गेला तर बरोबर पासवर्ड असूनही डेटा मिळत नाही. मग टर्मिनलमधून ‘टेस्ट-पासफ्रेज’ पर्याय लावून ड्राइव्ह उघडून बघा आणि एक्झिट कोड, म्हणजे कमांड संपताना देते तो आकडा, वाचा. २ आला तर पासवर्ड चुकलाय. ३ म्हणजे मेमरी पुरली नाही: लक्स २ चा आर्गॉन२ हा अल्गोरिदम पासवर्डवरून किल्ली काढताना १ जीबीपर्यंत रॅम मागतो, त्यामुळे नव्या मशीनवर बनवलेला ड्राइव्ह २ जीबीच्या जुन्या पीसीवर अडू शकतो. ४ म्हणजे डिव्हाइसच चुकीचं दिलंय. इंदुरात मराठी, हिंदी आणि इंग्रजी असे तीन कीबोर्ड लेआउट एकाच मशीनवर सर्रास असतात. पासवर्डच्या जागी नुसते ठिपके दिसतात आणि लेआउट देवनागरीवरच राहिलेला असतो. टाइप करण्याआधी वरच्या पट्टीतली भाषा बघा.

आता प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी, कारण खरी चूक तिथे आहे. लिबक्रिप्टसेटअप या क्रिप्टसेटअपच्या लायब्ररीचं पासफ्रेजने ड्राइव्ह उघडणारं फंक्शन यशस्वी झालं की की-स्लॉटचा (हेडरमधला एका पासवर्डचा कप्पा) नंबर देतं, पासवर्ड चुकला की उणे ईपर्म, म्हणजे ‘परवानगी नाही’ची ऋण संख्या. पहिला स्लॉट शून्य! म्हणजे ‘शून्य आलं तर अपयश’ अशी तपासणी केली की बरोबर पासवर्डही नाकारला जातो. ‘शून्यापेक्षा कमी’ हीच तपासणी हवी. यूडिस्क्स या डिस्क सांभाळणाऱ्या सेवेमार्फत अनलॉक करताना अपयश आलं तर उघडलेल्या डिव्हाइसचा पाथ मिळतच नाही, फक्त एरर भरून येते. एरर न बघता कोड तो रिकामा पॉइंटर (कुठेच न दाखवणारा मेमरीचा पत्ता) वापरायला जातो आणि सेगफॉल्ट, म्हणजे सिस्टिम प्रोग्राम तिथेच बंद करते. कर्नलच्या लॉगमध्ये शून्य किंवा शून्याजवळचा पत्ता दिसला तर पहिला संशय यावरच घ्या. वापरणाऱ्याने परवानगीची विंडो रद्द केली तर ती वेगळी एरर आहे. तिथे लाल संदेश नको, विंडो मुकाट्याने बंद करा.

आणखी एक. चुकीचा पासवर्ड प्रत्येक की-स्लॉटवर तपासला जातो, म्हणून नकार यायला होकारापेक्षा जास्त वेळ लागू शकतो. एका स्लॉटला साधारण २ सेकंद, तेही ज्या मशीनवर ड्राइव्ह बनला तिथे. हे काम विंडो चालवणाऱ्या मुख्य थ्रेडवर ठेवलंत तर विंडो गोठते आणि माणूस ती जबरदस्तीने बंद करतो.

चाचणीला खरा ड्राइव्ह कशाला? ६४ एमबीची फाइल करा, लूप डिव्हाइसवर (फाइललाच डिस्कसारखं दाखवणारी सोय) चढवा, लक्स २ ने फॉरमॅट करा. मग चार प्रकार चालवा: बरोबर पासवर्ड, चुकीचा, रद्द, आणि पासवर्ड विचारलेला असतानाच लूप डिव्हाइस काढून टाकणं. चौथा प्रकार बहुतेक जण विसरतात.

कोसळल्याची तक्रार पाठवताना कोअर डंप, म्हणजे कोसळताना प्रोग्रामच्या मेमरीची काढलेली प्रत, जोडू नका. कोसळण्याच्या क्षणी मेमरीत असलेला पासवर्ड त्यात साध्या अक्षरांत सापडू शकतो. जीडीबी या डीबगरचा साधा बॅकट्रेस (कोसळताना चालू असलेल्या फंक्शनची यादी) पुरतो, पण तोही पाठवण्याआधी ओळ न् ओळ वाचा, कारण फंक्शनला दिलेल्या मजकुरात पासवर्ड तिथेही छापला जाऊ शकतो.